राऊटरचा फर्मा लाकडाला धरायचा, पण स्क्रूचं भोक ठेवायचं नाही

आधी तुमचा प्रश्न काय आहे ते सांगतो. सागवानाच्या एका टेबलाचे चार बाकदार पाय करायचे आहेत. १२ एमएम एमडीएफचा (भुसा दाबून केलेल्या फळीचा) फर्मा, म्हणजे पायाच्या आकाराचा साचा, कापला, तो दोन स्क्रूंनी पायाच्या लाकडावर कसला आणि बेअरिंगच्या बिटाने कडेने राऊटर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं मशीन, फिरवला. बिट म्हणजे त्याचं पातं; त्याच्यावरचं बेअरिंग फर्म्याच्या कडेला टेकून फिरतं, म्हणून लाकूड फर्म्याच्याच आकारात कापलं जातं. दोन पाय झाले. आकार हुबेहूब उतरला, पण प्रत्येक पायाच्या दर्शनी बाजूवर दोन भोकं राहिली. ती पुट्टीने भरली, तर पॉलिश मारल्यावर डाग जास्तच उठून दिसायला लागले. राहिलेले दोन पाय भोकं न पाडता कसे करायचे? दुहेरी चिकटणारी टेप भरवशाची आहे का?

टेप भरवशाची आहे. पण फर्मा टेपने धरा, नाहीतर स्क्रूने; त्याच्यावर किती जोर येणार हे आधीच ठरलेलं असतं, आणि ते ठरतं आपण बिटाला किती लाकूड खायला देतो त्यावर. म्हणून चिकटवण्याच्या आधीचं बोलतो. तीस वर्षांत जितके फर्मे सरकलेले पाहिले, त्यांतले बहुतेक कापणी जास्त होती म्हणून सरकले, चिकट कमी होतं म्हणून नाही.

पायाचं लाकूड आधी जिगसॉने किंवा बँडसॉने रेषेच्या बाहेरून कापून घ्या आणि राऊटरसाठी फक्त अर्धा सूत ठेवा, म्हणजे दीड एमएमच्या आसपास. जिगसॉची पट्टी जाड लाकडात तिरकी जाते, म्हणून तुमच्या दीड इंच जाड पायाला एक सूत ठेवलं तरी चालेल. त्याहून जास्त नको. रेषेबाहेर अर्धा इंच लाकूड ठेवून राऊटर फिरवणारे लोक मी पाहतो. तिथे बिट लाकूड कापत नाही, ते लाकडाला हिसके देतं आणि प्रत्येक हिसका थेट फर्म्यावर येतो.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. फर्मा फक्त पहिल्या फेरीपुरता लागतो. बेअरिंग दांड्याच्या (राऊटरमध्ये जो आवळतात त्या टोकाच्या) बाजूला असलेलं आणि अर्धा इंच धारेचं आखूड बिट घ्या. पहिल्या फेरीत बेअरिंग फर्म्यावर टेकवून फक्त ८ ते १० एमएम खोल कापा. मग फर्मा काढून टाका. आता लाकडावर जी गुळगुळीत कड तयार झाली आहे तीच पुढचा फर्मा. बेअरिंग तिच्यावर टेकवायचं, बिट खाली सोडायचं आणि पुढची फेरी मारायची. शेवटी खाली जी पट्टी उरेल, ती पाय उलटा करून टोकाला बेअरिंग असलेल्या बिटाने काढायची. दीड इंची पाय असा तीन-चार फेऱ्यांत होतो. फर्म्याला धरून राहायचं काम पडतं ते त्यातल्या सगळ्यांत हलक्या फेरीत. हे एकदा पटलं की टेपवरचा अविश्वास आपोआप कमी होतो.

आता टेप. दुकानात नुसती ‘डबल साइडेड टेप’ मागितली, तर बहुतेक वेळा फोमची मिळते, भिंतीवर हुक चिकटवायला वापरतात ती. ती घेऊ नका. फोम दबतो आणि बाजूलाही हलतो. राऊटर फिरत असताना फर्मा त्या स्पंजावर अर्धा-पाऊण एमएम इकडेतिकडे होतो आणि कडेवर लाटा उमटतात. हे मी एका खुर्चीच्या हातावर शिकलो. फोमच्या टेपने फर्मा लावला होता. अर्ध्या वळणापर्यंत सगळं नीट चाललं, मग टोकाच्या आडव्या छेदाशी बिटाने हिसका दिला, फर्मा दोन सूत सरकला आणि बिट तेवढंच आत घुसलं. जुन्या घराच्या तुळईतून काढलेलं सागवान होतं. त्या जोडीचा दुसरा तुकडा कुठून आणणार? ते घर पुन्हा तर पडणार नव्हतं.

घ्यायची ती पातळ कापडी टेप, किंवा कागदासारखी पातळ पारदर्शक टेप. त्यातही कापडी बरी. ती काढताना फाटत नाही, अखंड सोलून निघते.

ही टेप दाबाने धरते. नुसती लावून हात फिरवला तर तिची निम्मीसुद्धा ताकद वापरात येत नाही. फर्मा जागेवर बसला की दोन-तीन ठिकाणी सी-क्लॅम्प लावून कचकचून दाबा, दहा-पंधरा सेकंद थांबा, मग क्लॅम्प सोडा. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडतो, तो महागातली टेप आणून पडत नाही. टेपवर टेप चढवू नका, त्या जागी फर्मा उचललेला राहतो. आणि टेप कडेपासून अर्धा सूत आत ठेवा. कडेशी आली, तर बिट तिला घासतं, चिकट विरघळून बेअरिंगवर बसतं, बेअरिंगचा व्यास वाढतो आणि पाय फर्म्यापेक्षा किंचित मोठा निघतो. मग माणूस फर्मा तपासत बसतो आणि दोष असतो बेअरिंगवरच्या त्या काळ्या थरात.

दोन्ही पृष्ठभाग टेप धरण्याजोगे हवेत. एमडीएफवर कायम बारीक भुसा असतो आणि त्याचा वरचा थरही भुसभुशीत असतो. टेप एमडीएफला नव्हे, त्या भुशाला चिकटते. म्हणून फर्मा तयार झाल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना चपडी लाखेचं पातळ पॉलिश किंवा सीलर मारा, वाळू द्या, २२० नंबरच्या पेपरने हलका हात फिरवा. टेप घट्टही बसेल आणि निघेलही स्वच्छ. शिवाय पावसाळ्यात एमडीएफ दमट हवा पिऊन कडेने फुगतं, तेही बरंचसं टळतं. कोकणात काम करणाऱ्यांना हे सांगायला नको. जूनमध्ये ठेवलेला फर्मा सप्टेंबरमध्ये कडेला नखाएवढा सुजलेला निघतो.

दुसरा पृष्ठभाग सागवानाचा, आणि अडचण खरी तिथे आहे. सागवानात स्वतःचं तेल असतं. तेच त्याला वाळवीपासून आणि पाण्यापासून राखतं, पण टेपला आणि गोंदाला तेच नडतं. रंधून आठवडाभर पडलेल्या सागवानावर टेप लावू नका. लावायच्या आधी १५० च्या पेपरने घासा, भुसा झटका, मग थिनर किंवा अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा. कापडावर पिवळट तपकिरी रंग उतरेल, ते तेलच. पूर्ण उडून गेलं की पाच-दहा मिनिटांत टेप लावा. थिनर पेट घेतो, तेव्हा खिडकी उघडी असू द्या आणि शेजारी ठिणगी पाडणारं ग्राइंडर चालू नको. आंबा, शिवण, बाभूळ यांना एवढी सेवा लागत नाही.

माझी स्वतःची आवडती पद्धत मात्र वेगळी आहे आणि तुमच्या दोन पायांसाठी मी तीच सांगेन. मास्किंग टेप आणि फेविक्विक. मास्किंग टेपची पट्टी लाकडावर लावायची, तशीच बरोबर समोर येईल अशी दुसरी पट्टी फर्म्याच्या खालच्या बाजूला. दोन्ही पट्ट्या नखाने किंवा लाकडी पट्टीच्या कडेने चांगल्या घासून बसवायच्या. मग एका टेपच्या पाठीवर फेविक्विकचे थेंब सोडायचे आणि फर्मा वर ठेवून दाबून धरायचा. गोंद कागदाला कागद धरतो, लाकडाला तो शिवतही नाही. फर्मा मिनिटभरात असा बसतो की उचलायला गेलं तर पायासकट उचलला जातो.

यात काही बारकावे आहेत. फेविक्विक पाण्यासारखं पातळ असतं, म्हणून ओतायचं नाही, दीड-दोन इंचांवर एकेक थेंब द्यायचा. जास्त झालं, तर ते टेपच्या कडेवरून वाहून लाकडात उतरतं आणि तिथे पॉलिश धरत नाही. तुमच्या पायाची रुंदी दोन इंच असेल, तर एक इंची दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावा, मध्ये फट नको. फर्मा एकदा टेकला की सरकवता येत नाही, म्हणून आधी कोरडाच ठेवून पाहा आणि दोन टोकांना पेन्सिलच्या खुणा करून घ्या. हाताला गोंद लागला तर सुती चिंधीने पुसू नका. सुती कापडावर हा गोंद पडला की तापतो, चटका बसण्याइतका. वास डोळ्यांना झोंबतो, तेव्हा तोंड वरून खाली आणून पाहत बसू नका.

मास्किंग टेप कुठली, हेही महत्त्वाचं. फार स्वस्त टेपचा कागद उभा फाटतो, म्हणजे वरचा पापुद्रा गोंदाबरोबर आणि खालचा लाकडाबरोबर राहतो. नवीन टेप आणली की आधी दोन टाकाऊ तुकडे असे चिकटवून हाताने ओढून पाहा. आणि काम झालं की टेप त्याच दिवशी काढा. रात्रभर राहिली, त्यातून उन्हाळा असला, तर चिकट लाकडावर उतरतं.

फर्मा काढताना उतावीळपणा केला तर सगळं केलेलं वाया जातं. या दोन्ही प्रकारच्या टेपा सरळ बाजूने ढकललं तर प्रचंड विरोध करतात, पण एका कडेने सोलल्या की हार मानतात. राऊटर बाजूने ढकलतो, म्हणून टेप टिकते. आपण कडेने उचलायचं, म्हणून ती सुटते. एका टोकाशी पुट्टी भरायची पातळ पट्टी घाला, तिच्या जागी लाकडाची बारीक पाचर सरकवा आणि थांबा. अर्धं मिनिट तसाच ताण ठेवला की चिकट हळूहळू सुटायला लागतं. मग पाचर थोडी पुढे. पटाशी घालून पिरगळू नका, सागवानाची ढलपी उडते. फारच घट्ट असेल, तर केस वाळवायच्या ड्रायरने दोन मिनिटं गरम करा. लाकडावर चिकट राहिलंच, तर टर्पेंटाइनने पुसा आणि मग १८०-२२० चा पेपर. आधी पेपर मारलात तर ते चिकट लाकडाच्या रंध्रांत जाऊन बसतं आणि पॉलिशमध्ये ढगासारखे डाग दिसतात.

हाच सोलण्याचा गुण उलटाही बाधतो. फर्मा वाकलेला असेल, तर तो दिवसभर टेपला सोलतच असतो. म्हणून वाकलेल्या फर्म्यावर टेपचा भरवसा नाही. आणि व्हेनियरच्या प्लायवर कापडी टेप कधीच लावू नका. ते व्हेनियर अर्ध्या एमएमपेक्षाही पातळ असतं, टेपबरोबर पापुद्रा निघून येतो. तिथे फक्त मास्किंग टेप, तीही हळू आणि लाकडाच्या रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने सोलायची.

स्क्रू मला निषिद्ध नाहीत, तेही सांगतो. स्क्रू कुठे बसतो हा विचार झाला नाही, तेवढीच चूक. तुमच्या पायाला वर जिथे आडव्या पट्ट्यांचे कुसू, म्हणजे खाचेत शिरणारी टोकं, बसणार आहेत, तिथे खाच पडणारच आहे. ती खाच जिथे आहे बरोबर तिथे, खाचेच्या खोलीपेक्षा कमी शिरेल असा स्क्रू मारला, तर नंतर भोकच उरत नाही. दुसरी जागा टोकाची. पायाचं लाकूड दोन्ही टोकांना दीड-दोन इंच जादा ठेवा, फर्माही तेवढाच लांब करा, स्क्रू त्या जादा भागात मारा आणि शेवटी तो भाग कापून टाका. लांबट फर्म्याचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या मते तो स्क्रूपेक्षाही मोठा. बिट लाकडात शिरायच्या आधीच बेअरिंग फर्म्यावर टेकलेलं असतं. फर्मा लाकडाएवढाच असला, तर टोकाशी बिट आधी आणि बेअरिंग मागून, असं होण्याची भीती असते. तिथेच हात ओढला जातो, तिथेच कोपरा उडतो. टेप वापरणाऱ्यांनीही फर्मा लांबच करावा.

फर्म्यातून बारीक खिळ्यांची टोकं एक एमएम बाहेर काढून ती लाकडात रुतवायची, अशीही रीत आहे. फर्मा सरकत नाही, खुणा सुईच्या टोकाएवढ्या राहतात. ज्याची एक बाजू भिंतीला किंवा खाली जाणार आहे अशा कामाला ती उत्तम. पायाच्या चारही बाजू दिसतात, म्हणून तुम्हाला सांगत नाही.

चाराऐवजी चाळीस पाय असते, तर उत्तर बदललं असतं. तेव्हा टेपच्या नादाला लागू नये. १८ एमएम प्लायचा पाट करायचा, त्याची एक कड फर्म्याच्या आकाराची, वर लाकूड अडकवायला मागे आणि टोकाला ठोकळे, आणि वरून खटक्याचे टॉगल क्लॅम्प. लाकूड जिथे टेकतं तिथे १२० नंबरचा पॉलिश पेपर फेविकॉलने चिकटवायचा, म्हणजे क्लॅम्पचा दाब कमी असला तरी लाकूड घसरत नाही. दोन बाजूंना दोन मुठी लावायच्या आणि राऊटर टेबलावर काम करायचं. हात बिटापासून निदान सहा इंच लांब राहतात, लाकूड बदलायला काही सेकंद लागतात. हा पाट करायला अर्धा दिवस जातो, म्हणून चार पायांसाठी तो कुणी करू नये.

कारखान्यात व्हॅक्युमवर धरतात. हवेचा दाब चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो असतो, त्यातला ऐंशी टक्के मिळाला तरी दहा बाय वीस सेंटीमीटरच्या तुकड्यावर १६० किलो दाब येतो. पण त्याला पंप लागतो. भुसा ओढायच्या मशीनने एवढा दाब येत नाही. आणि एमडीएफमधून हवा झिरपते.

आमच्या आधीच्या पिढीतले मिस्त्री सरस वापरत, म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांचा गोंद. दोन तुकड्यांच्या मध्ये कागद घालून सरसाने चिकटवायचे, काम झालं की सांध्यात पटाशी ठेवून हलका ठोका द्यायचा. कागद मधोमध फाटतो, लाकूड शाबूत राहतं, उरलेला सरस गरम पाण्याने निघतो. आज वर्तमानपत्राचा कागद आणि फेविकॉल घेऊन हेच करता येतं. रात्रभर वाळवावं लागतं आणि नंतर त्या बाजूवर रंधा किंवा खरवडायची पत्ती फिरवावी लागते. पण टेपला धरायला जागाच नाही असा एखादा लहान, नाजूक तुकडा असेल, तर मी आजही याच पद्धतीकडे जातो.

राऊटर फिरवण्याबद्दल दोन शब्द. हातात राऊटर असेल, तर पायाच्या बाहेरच्या कडेने तो वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरवायचा. तसं केलं की बिट फर्म्याला टेकून राहतं. दिशा चुकली की ते कडेवर धावत सुटतं आणि टेपची परीक्षा पाहतं. बाकदार पायात अर्ध्या वळणावर रेषा अनुकूल असते आणि अर्ध्यावर उलटी. उलट्या भागात ढलपी निघते. वर सांगितलं तसं फर्मा काढून पाय उलटा करता आला, की तो भागही अनुकूल रेषेने कापता येतो. सागवानात सिलिका असते, ती धार लवकर मारते. बोथट बिट जास्त ओढतं, जळका वास आला की बिट बदला. आणि एक तपासणी करा: आपल्याकडे ६ एमएम आणि पाव इंची असे दोन्ही दांडे सर्रास मिळतात. पाव इंच म्हणजे ६.३५ एमएम. पाव इंची कॉलेटमध्ये, म्हणजे दांडा आवळणाऱ्या पकडीत, ६ एमएमचं बिट आवळलेलं वाटतं, पण चालू कामात घसरतं. तेव्हा फर्मा कितीही घट्ट असला तरी पाय वाचत नाही.

पाय टेबलावर घट्ट बसलेला असणं हेही तितकंच जरुरीचं. फर्मा पायाला पक्का आणि पायच हलतोय, असं चालणार नाही. पाय एका सपाट प्लायच्या तुकड्यावर मास्किंग टेप-फेविक्विकनेच बसवा आणि तो प्लाय टेबलाला क्लॅम्पने धरा. म्हणजे क्लॅम्प राऊटरच्या वाटेतही येत नाहीत.

आता जे दोन पाय भोकांसकट तयार आहेत त्यांचं. पुट्टी खरवडून काढा. भुसा आणि फेविकॉल कालवून भरायचा सल्ला तुम्हाला मिळेल, तो घेऊ नका; ते मिश्रण पॉलिशखाली काळपट होतं. भोक तीन सुतांपर्यंत स्वच्छ गोल मोठं करा आणि त्याच सागवानाच्या उरलेल्या तुकड्यातून, तशाच रंगाच्या जागेवरून, बूच कापा. ते टोकाच्या छेदातून नको, पृष्ठभागातून कापायचं, म्हणजे रेषा पायाच्या रेषेशी जुळवता येते. गोंद लावून बसवा, रात्रभर वाळू द्या, वरचा भाग धारदार पटाशीने सपाट करा. टेबल जोडताना हे दोन पाय भिंतीकडच्या बाजूला लावा, बुचं आतल्या अंगाला येतील अशी.